पान पिवळं पडताना गव्हात आत काय चालतं

गव्हाला पाण्याचा ताण बसला की सगळे आधी मुळांबद्दल बोलतात, पण मला नत्राचा हिशोब जास्त महत्त्वाचा वाटतो. नायट्रेट, म्हणजे मुळं घेतात ते नत्राचं रूप, पाण्यात विरघळूनच मुळापर्यंत येतं, माती सुकली की ते येणंच कमी होतं, मग खत कितीही टाका. पानात नायट्रेटवर काम करणारं नायट्रेट रिडक्टेज हे एन्झाइम मंदावतं, हरितलवकातलं जीएस२ (ग्लुटामाईन सिंथेटेज, अमोनियापासून ग्लुटामाईन हे अमिनो आम्ल बनवणारं एन्झाइम) खाली येतं, आणि मग त्याच्याच पेशीद्रवातल्या भावंडावर, जीएस१ वर, भार पडतो, म्हणजे जुनी प्रोटीनं तुटून सुटलेला अमोनिया पकडायचा, त्याचं ग्लुटामाईन करायचं नि ते दाण्याकडे रवाना करायचं. सगळ्यात वरचं फ्लॅग लीफ टोकाकडून पिवळं होत येतं ना, तेव्हा आत हीच आवराआवर चालू असते! ग्लुटामेट या अमिनो आम्लापासून प्रोलीन हे दुसरं अमिनो आम्लही बनतं, ते पेशीला पाणी धरून ठेवायला मदत करतं.

बरं, ब्रेडच्या गव्हात ए, बी, डी असे तीन जीनोम (जीनचे पूर्ण संच), 42 क्रोमोसोम, त्यामुळे बरेच जीन तीन प्रतींत, एक बंद पडला तरी बाकीचे दोन बऱ्याचदा सांभाळून घेतात. म्हणून एकच "दुष्काळाचा जीन" शोधत बसणं मला पटत नाही. पान पिवळं पडायला नेमकं कधी लागतं ते बघा, फार लवकर लागलं तर दाणा बारीकच राहतो.