गरीब निधी, डीकन आणि मंडळीतल्या बहिणी

‘बहिणींना डीकन नेमता येतं का?’ वार्षिक सभा जवळ आली की हा प्रश्न हमखास येतो. याचं उत्तर तुमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, घटनेत शोधा, कारण ते पंथापंथात वेगळं आहे. कुठे डीकन म्हणजे पाळक होण्याआधीची दीक्षेची पायरी असते, तर कुठे सभेने निवडलेला सेवक. पण या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न असतो: गरीब निधीतली मदत कुणी ठरवायची, कुणी पोचवायची, आणि त्यात बहिणींचा हात कुठपर्यंत? मला हा दुसरा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो.

बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा अध्याय 6 पाहा. रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांच्या विधवा वगळल्या जात होत्या, त्यावरून कुरकुर झाली आणि सात जण निवडले गेले. सातही जणांची नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच बाजूची माणसं वाटपावर नेमली गेली असं दिसतं. आपल्याकडे मदत मागायला येणाऱ्यांत विधवा आणि नवऱ्याने टाकलेल्या बायका मोठ्या संख्येने असतात. मग मदत ठरवणाऱ्या बैठकीत एकही बाई नसावी, हे मला पटत नाही.

बायबलमधल्या 1 तीमथ्य 3 मधल्या सेवकांसाठीच्या, म्हणजे डीकनांसाठीच्या, अटी कामाच्या गरजेतून आलेल्या आहेत. सेवक पैशाचा लोभी नसावा, कारण पेटी त्याच्या हातात असते. तो दुतोंडी नसावा, कारण एका घरी दिलेला शब्द बैठकीत फिरवला तर मंडळी फुटते. अकराव्या वचनात स्त्रिया चहाडखोर नसाव्यात असं म्हटलंय. तिथला मूळ ग्रीक शब्द ‘स्त्रिया’ आणि ‘बायका (पत्नी)’ या दोन्ही अर्थांचा असल्याने वाद आहे, पण अटीचं कारण उघड आहे. जी घरात जाते तिला त्या घराची उघडीवाघडी बाजू दिसते. रोमकरांस पत्राच्या 16 व्या अध्यायात फिबी या बहिणीला लावलेला मूळ शब्दही सेवकांसाठी वापरलेलाच आहे.

पुढे तिसऱ्या शतकात सिरियातल्या मंडळ्यांनी डीकनिणी नेमण्याचं कारण सरळ लिहून ठेवलं: काही घरांत बायकांकडे पुरुष डीकनला पाठवता येत नाही. जिनिव्हात 1541 च्या नियमांत धर्मसुधारक कॅल्विनने डीकनांचे दोन प्रकार केले. एकांनी निधी सांभाळायचा, दुसऱ्यांनी गरीब-आजाऱ्यांची शुश्रूषा करायची. ही विभागणी आजही उपयोगी आहे, फक्त दोघांनी एकाच टेबलाशी बसायला हवं.

आता प्रत्यक्ष काम. गरीब निधीची वही वेगळी ठेवा, पाळकांचा पगार आणि इमारत निधी यांत ती मिसळू नका. अर्पण दोघांनी मोजायचं, तिथल्या तिथे आकडा लिहून दोघांनी सही करायची. मोजणारे दोघे एकाच घरातले नसावेत. तातडीच्या मदतीसाठी मर्यादा ठरवा. लहान मंडळीला दोन हजार रुपये पुरतात. तेवढी रक्कम दोघांनी ठरवून द्यावी आणि पुढच्या बैठकीत नोंदवावी.

मदत मागणाऱ्यांच्या घरी भेटीला एकट्याने कधीच जायचं नाही. दोघे जावेत, त्यात एक बहीण असावी, आणि बाई एकटी राहत असेल तर दोन्ही बहिणीच असाव्यात. डबे उघडून पाहू नका, विचारा: रेशनकार्ड कुठलं, दुकानाची उधारी किती, औषध कधीपासून बंद, मुलांची कुठली फी थकलीय, कमावता मुलगा घरी पैसे देतो का. शक्य तिथे रोख हातात न देता शाळा, मेडिकल किंवा किराणा दुकानात थेट भरणा करा. इतिवृत्तात नाव न लिहिता क्रमांक लिहा, नावांची वही एकाच्या ताब्यात कुलपात असू द्या.

पुरुषांनी बनवलेल्या शिध्याच्या यादीत गहू-तांदूळच जास्त असतात. पण प्राधान्य कुटुंबाला रेशनवर माणशी 5 किलो धान्य मिळतंच, आणि अंत्योदय कार्डावर घराला 35 किलो. अडतं ते वरच्या गोष्टींसाठी. विधवा आणि दोन मुलं असतील, तर महिन्याला 2 किलो तूरडाळ, 2 लिटर तेल, 2 किलो साखर, अर्धा किलो चहा, शेंगदाणे, तिखट-हळद, साबण आणि सॅनिटरी पॅड द्या. पॅड कुणी मागत नाही, म्हणूनच यादी करायला बहिणी हव्यात. कार्डच नसेल तर आधी कार्डाच्या मागे लागा.

तसंच निराधारांना दरमहा सरकारी मदत देणाऱ्या संजय गांधी निराधार योजनेचं. अर्ज तहसील कार्यालयात जातो. नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, 21 हजारांच्या आतल्या वार्षिक उत्पन्नाचा दाखला, महाराष्ट्रात 15 वर्षं राहत असल्याचा पुरावा, आधार आणि बँक खातं लागतं. अनेक अर्ज मृत्यूच्या दाखल्यापाशी अडतात, कारण 21 दिवसांच्या आत नोंद झालेली नसते. म्हणून प्रेतक्रियेनंतरच्या पहिल्याच भेटीत डीकनाने नोंदीचं विचारावं. वाट पाहू नये.

काम बिघडतं ते बहुतेकदा एकाच ठिकाणी. बहिणी भेटी देतात, स्वयंपाक करतात, रात्र रात्र दवाखान्यात बसतात. निर्णय मात्र त्यांच्या पाठीमागे होतो. मग घर न पाहिलेला माणूस ‘तिचा मुलगा कमावतो’ म्हणून मदत थांबवतो, आणि मुलगा सहा महिने घरी आलेला नाही हे बैठकीत कुणालाच ठाऊक नसतं. घटनेत बहिणींना पद नसलं, तरी भेट दिलेल्या बहिणीला त्या प्रकरणापुरतं बैठकीत बोलवा आणि तिचं म्हणणं इतिवृत्तात लिहा. नातेवाइकाचा अर्ज आला तर त्या डीकनाने बाहेर बसावं. मदत देतानाचे फोटो काढूच नका. आणि परदेशी नागरिकत्व घेतलेल्या आपल्या माणसाने प्रेमाने पाठवलेले पैसेही कायद्याने विदेशी देणगी ठरतात, एफसीआरए (विदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणीशिवाय ते घेऊ नका.

दर तीन महिन्यांनी प्रत्येक घराचा पुन्हा विचार करा, तोही त्या घरी जाऊन. आणि भेटीला जाणाऱ्या जोडीतल्या दोघांची मुदत एकाच वर्षी संपू देऊ नका, नाहीतर त्या बाईला आपली सगळी कहाणी नव्या माणसांपुढे पहिल्यापासून सांगावी लागते.