पंचिंगच्या खोलीतून कागदी बाहुल्यांकडे : आमची वाटचाल

पुठ्ठ्याला भोकं पाडायचं काम आमच्या घरात माझ्या जन्माआधीपासून चालू होतं. अप्पा जकार्डचे पत्ते, म्हणजे मागाला नक्षी सांगणारे भोकांचे पुठ्ठे, पंच करायचे. सोलापुरी चादरीवरचा मोर आधी आलेखाच्या कागदावर चौकोनाचौकोनानं रंगवला जातो. मग ते चौकोन वाचत पत्त्यांवर भोकं पडतात. मागावर भोक येईल तिथला हूक दोरा उचलतो, बाकीचे जागेवर राहतात. जाकार या फ्रेंच माणसानं १८०४ साली ही युक्ती काढली, आणि सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या दोन खोल्यांची चूल तिच्यावर चालली. अप्पा म्हणायचे, एक भोक चुकलं तर मोराची मान तुटते, आणि ती त्या पत्त्यांवर निघालेल्या प्रत्येक चादरीत तुटते.

पुढे डिझाइनं संगणकावर गेली आणि पंचिंगचं काम आटत आटत थांबलं. अप्पांचे पंच, हातोडी आणि शिशाचा ठोकळा ट्रंकेत गेला.

२०२० च्या टाळेबंदीत ती ट्रंक उघडली. माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. घरात तेलुगू, गल्लीत कन्नड आणि मोबाइलवरच्या शाळेत मराठी, असा तिचा दिवस जायचा. तिला मी लग्नपत्रिकांच्या कागदातून एक बाहुली कापून दिली. हात-पाय वेगळे कापले आणि सुईनं भोक पाडून दोऱ्याच्या गाठीनं जोडले. हात वर केला की खांद्यातून एक टोक बाहेर यायचं, आणि तिसऱ्या दिवशी भोक फाटून हात गळाला.

अप्पांनी ती बाहुली हातात घेतली, हात दोनदा वरखाली केला आणि म्हणाले, "भोक चुकलंय, पोरी." त्यांनी जुन्या पत्त्यावर पेन्सिलीनं दंडाचं वरचं टोक वाटीच्या कडेसारखं अर्धगोल काढलं. त्या गोलाचा मध्य काढला आणि तिथं पंच ठेवून एकच ठोका दिला. धडावरही कडेपासून तेवढंच अंतर सोडून दुसरा ठोका. दोन्ही भोकं जुळवून दोरा ओवला. हात पूर्ण फिरला तरी खांद्याची कड जागची हलली नाही. सांध्याचं मर्म एवढंच आहे: टोक गोल हवं आणि भोक त्या गोलाच्या मध्यावर हवं. भोकाभोवती निदान ५-६ मिलिमीटर कागद हवा, नाहीतर तो फाटतो. आमच्या प्रत्येक साच्याचा खांदा आजही अप्पांच्या त्या पहिल्या खांद्यावरूनच काढलेला आहे.

शेजारपाजारच्या मुलांनी बाहुल्या मागितल्या. दोन वर्षांत एक गोष्ट लक्षात आली. तयार बाहुली मुलं दोन दिवस खेळतात. स्वतः कापलेली, रंगवलेली, जोडलेली बाहुली वहीत जपून ठेवतात. तेव्हाच ठरवलं की आपण बाहुली विकायची नाही. साचे, शिक्के, कागद आणि जोडणीच्या पिना विकायच्या. हा निर्णय व्यापाराला महाग पडला, कारण तयार वस्तू चटकन खपते. पण मी तो बदललेला नाही.

शिक्के का, असं बरेच जण विचारतात. धड, हात, पाय यांच्या बाह्यरेषा साच्याभोवती पेन्सिल फिरवून येतात. पण नाक-डोळे, वेणीचे पेड, साडीचे काठ काढायला बसलं की ज्याला चित्रकला येत नाही तो माणूस तिथंच हात आखडतो. शिक्का मारला की तो धीट होतो आणि पुढचं रंगकाम मनासारखं करतो. पहिले शिक्के मी खोडरबरावर ब्लेडनं कोरले. नंतर कोर्टाजवळच्या एका शिक्केवाल्या मामांकडे गेले. 'सत्यप्रत' आणि गोल सह्यांचे शिक्के करण्यात त्यांचा जन्म गेला होता. मी बाईचा चेहरा आणि कोल्हापुरी चपलेतला पाय मागितल्यावर त्यांनी चष्मा वर केला, आणि मग माझ्याइतकेच रंगून गेले. भुवईची रेषा फार बारीक ठेवली तर रबरावर ती टिकत नाही, हे त्यांनीच शिकवलं.

शिक्क्याची एक अडचण असते. उजव्या हाताचा शिक्का उलटा करून डावा हात निघत नाही. आम्ही प्रत्येक संचात डाव्या-उजव्याचे वेगळे शिक्के देतो, पण चेहरा एकच असतो. तो दुसरीकडे बघणारा हवा असेल तर गुळगुळीत खोडरबरावर शिक्का मारायचा आणि शाई ओली असतानाच तो रबर कागदावर दाबायचा. चेहरा वळतो. प्रात्यक्षिकात हे दाखवलं की मोठी माणसंसुद्धा पुढं सरकून बसतात.

पहिल्या वर्षीची चूक सांगितलीच पाहिजे. संचात मी कार्यालयात वापरतात तसं साधं पॅड घातलं. त्या शाईवर पाण्याचे रंग लावले की ती फुटते. बार्शीहून एका आईचा फोन आला: मुलीनं तीन तास खपून केलेल्या बाहुलीचा चेहरा निळा झाला होता आणि ती रडत होती. मला रात्रभर झोप लागली नाही. ज्यांचे पत्ते होते त्या सगळ्यांना आम्ही स्वखर्चानं दुसरं पॅड पाठवलं. त्या महिन्यात नफा राहिला नाही. आता पाण्यानं न फुटणारी पिगमेंट शाई देतो आणि चकाकत्या आर्ट कार्डाऐवजी खरखरीत, जाड (३०० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम) कार्ड, कारण चकाकत्या कागदावर ही शाई लवकर वाळतच नाही. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा पॅड कोरडी पडतात. ती उलटी ठेवा, शाई वरच्या अंगाला राहते.

कागदालाही उभी-आडवी वीण असते, कापडासारखी. शीट दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा. ज्या बाजूनं सहज वाकेल, त्या घडीच्या दिशेनं त्याचे तंतू आहेत. हात-पाय लांबीनं त्याच दिशेत कापायचे, नाहीतर आठ दिवसांत बाहुलीचे पाय वाकतात. माग चालवणाऱ्यांच्या गल्लीत हे समजावायला वेळ लागला नाही.

काम वाढलं तसे हात लागले, आणि ते आमच्या गल्लीतच होते. विडी वळणाऱ्या बायका तेंदूचं पान पत्र्याच्या साच्याभोवती कात्रीनं कापतात, तेही दिवसभर आणि न बघता. नमुन्याच्या बाहुल्या कापायला सगळ्यात आधी आलेल्या अक्कांनी मला पहिल्याच दिवशी थांबवलं. "कात्री कशाला फिरवतेस? कागद फिरव की." कात्रीचा हात पोटाशी स्थिर, डाव्या हातात कार्ड हळूहळू वळत राहिलं आणि बोटांच्या फटी, कानामागची बट सगळं एका दमात सुटं झालं. आज आमच्याकडे चौघीजणी आहेत. साचे त्याच कापतात आणि नव्या साच्यात कात्री कुठं अडकेल हेही त्याच सांगतात. त्यांनी नको म्हटलेला साचा आम्ही काढत नाही.

जोडणीला सुरुवातीला दोरा होता, मग गणवेश शिवणाऱ्यांकडून आणलेली आयलेट, म्हणजे भोकात बसणारी धातूची कडी, आणि शेवटी दोन पायांच्या पितळी पिना. एकदा स्वस्त पिनांचं पोतं घेतलं, पावसाळ्यात त्या गंजल्या आणि कार्डावर डाग पडले. पिन बसवताना मध्ये कार्डाचा एक तुकडा धरा, पाय उघडा, मग तुकडा ओढून काढा; सांधा घट्ट होत नाही. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी मात्र आजही दोऱ्याच्याच गाठी सुचवतो. पिन तोंडात जाते.

अशा बाहुल्यांचा शोध आम्ही लावलेला नाही. अठराव्या शतकाच्या मध्याला पॅरिसमध्ये दोरी ओढली की हातपाय झाडणाऱ्या पुठ्ठ्याच्या 'पाँतँ' बाहुल्यांचं मोठ्या माणसांनाही वेड लागलं होतं. आपल्याकडे कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलावंतांनी कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या जपल्या. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. ती परंपरा फार मोठी आहे, तिच्याशी आमची बरोबरी नाही. पण हलणारा हात दिसला की माणसाचा चेहरा कसा उजळतो, ते आम्हीही रोज पाहतो.

आमचा खरा बाजार म्हणजे गड्डा. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेला होम मैदानावर दुकानं लागतात. पाळणे, भांडी, खाऊ यांच्या गर्दीत आम्ही एक टेबल मांडतो आणि येईल त्याला बसवून बाहुली करायला लावतो. पहिल्या वर्षी एका आजोबांनी विचारलं, "वारकरी आहे, लमाणी बाई आहे, मग आमचा नंदीध्वजवाला कुठाय?" नंदीध्वज म्हणजे यात्रेच्या मिरवणुकीत धरून नेतात ती उंच काठी. मला उत्तर देता आलं नाही.

पांढरी बाराबंदी आणि फेटा सोपा होता. नंदीध्वजानं दोन वर्षं घेतली. ती काठी माणसाच्या कितीतरी पट उंच. त्या मापानं कापली तर पाकिटात मावत नाही. तीन तुकडे करून पिनांनी जोडली तर वरचा तुकडा मान टाकायचा. मी काठी आखूड करायला निघाले होते. अप्पा आता ऐंशीला टेकलेत, हात थरथरतो. ते म्हणाले, "एक भोक असलं की हलतं. दोन पाड." जोडाच्या जागी एकाखाली एक दोन पिना लावल्या आणि काठी ताठ उभी राहिली. हातात मात्र एकच पिन ठेवली, त्यामुळे धरणारा चालू लागला की ध्वज डुलतो.

आजोबांचा पत्ता माझ्याकडे नाही. यंदाच्या गड्ड्यात टेबल तिथंच मांडणार आहे, आणि नंदीध्वजाचे पहिले पन्नास संच बांधून तयार आहेत. त्यातल्या एकावर पेन्सिलीनं 'आजोबा' लिहून तो बाजूला ठेवलाय.