सीन १४

रविवार रात्र, अंबाजोगाई

माझ्या स्क्रिप्टमधल्या सीन १४ ची साडेतीन पानं आज बाजूला ठेवली. नवरा-बायको उसाच्या फडात उचलीवरून, म्हणजे मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या आणि ऊस तोडून फेडायच्या पैशावरून, भांडतात तो सीन, दोन महिने घासला होता आणि मला आवडतही होता.

बायकोचं काम करणारी पोरगी केजकडची, लहानपणी आईवडलांसोबत कोपीवर, ऊसतोड मजुरांच्या झोपडीत, राहिलेली. पहिल्या वाचनालाच म्हणली होती, दादा, फडात एवढं बोलायला टाइम कुठं असतो, मोळी बांधता बांधता बोलतेत. तेव्हा मी हो हो म्हणलो आणि एक वाक्य कमी केलं, बस.

आज स्क्रिप्ट दिलीच नाही. इंग्लंडचे दिग्दर्शक माइक ली असंच करतात, नटाला त्याच्या पात्राला माहीत असतं तेवढंच सांगायचं, महिनोन्महिने इम्प्रोव्हायझेशन करत सीन पक्का करायचा. आमच्याकडं महिने नाहीत, दोघंही नोकरीवाले, रविवारच काय तो मिळतो, तरी म्हणलं करून बघू. नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, तू मुकादमाकडून २०,००० जास्तीची उचल घेतलीस बहिणीच्या लग्नाला. तिला काहीच नाही. ओळखीच्याच्या रानात खरा ऊस, हातात खरा कोयता, फोन रेकॉर्डिंगला लावून मी बांधावर.

वीस मिनिटं नुसती तोडणी, मला वाटलं आजचा दिवस गेला. मग मोळी उचलताना तिच्याकडं न बघता त्यानं सांगून टाकलं. माझ्या पानांत इथं ती रडते, कोयता फेकते, बाईच्या जन्मावर बोलते. ही थांबली पण नाही, पाचट काढत विचारलं, "म्हंजी किती टन?"

तो गप्प. तोडणीचा टनाला ३६६ रुपयांचा दर, २०२४ ला वाढलेला, हिशेब तिनंच केला. "पंचावन टन. महिनाभर जास्तीचं." आणि परत वाकली.

मी कट म्हणलोच नाही, ते दोघं अजून दहा मिनिटं तोडत राहिले.

रात्री सगळं उतरवलं तर कामाचं सव्वा पान निघालं. काय ठेवायचं, कुठं कापायचं हे मलाच बघायचंय, कारण उचलीचं तिला एवढ्या लवकर कळलं तर सीन २२ ला काही उरत नाही. पण ओळी तिच्या आहेत. संवादात तिघांची नावं टाकायची आणि आत्ताच कागदावर घ्यायची, मागं एका शॉर्टफिल्मला माझे सीन घेऊन माझं नाव गाळलं होतं, ते अजून सलतं.

पुढच्या रविवारी मुकादम. त्याला काय सांगायचं आणि काय लपवायचं, ते उद्या बसून ठरवतो.