राजकारणात जायचं तर एलएलबी करावं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तालुक्याच्या कोर्टात माझी वकिली. निवडणुकीचं वारं सुटलं की गावातली कुणी मुलगा-मुलगी बाररूममध्ये येऊन हेच विचारतात, "मॅडम, पुढं राजकारणात यायचंय, एलएलबी केलेलं बरं ना?" यशवंतराव चव्हाण कराडला वकिली करत होते, वसंतराव नाईक पुसदला, हे त्यांनी घरात ऐकलेलं असतं. मी तिसरं नाव घेते, वि. स. पागे. ते बहुतेकांना माहीत नसतं, आणि मला दरवेळी वाईट वाटतं.

पागे सांगली जिल्ह्यातले, शिक्षणानं वकील, स्वातंत्र्यचळवळीतून आलेले. 1960 ते 1978 ते विधान परिषदेचे सभापती होते. सभापतीच्या हाताशी ना खातं असतं ना निधी. तरी रोजगार हमी योजनेचे जनक म्हणून नाव घेतलं जातं ते त्यांचंच. 1965 साली तासगाव तालुक्यातल्या विसापुरात त्यांनी या कल्पनेचा पहिला प्रयोग करून पाहिला. पुढं 1972 चा दुष्काळ आला. खडी फोडून, पाझर तलावांची माती वाहून माणसं जगली. पण दुष्काळी काम म्हणजे सरकारची मेहेरबानी. पाऊस पडला की काम बंद, आणि बंद का केलं हे विचारायची सोय नाही.

इथं वकिलाचं काम सुरू होतं. घटनेच्या कलम 41 मध्ये कामाचा हक्क आहे, पण मार्गदर्शक तत्त्व म्हणून. आणि कलम 37 म्हणतं की ही तत्त्वं कोर्टातून बजावून घेता येणार नाहीत. आम्ही सगळ्यांनी हे परीक्षेपुरतं पाठ केलं. महाराष्ट्रानं मात्र 1977 साली रोजगार हमीचा कायदा केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. ग्रामीण भागातल्या कुठल्याही प्रौढ माणसानं अंगमेहनतीचं काम मागितलं तर ते मिळणं हा त्याचा हक्क, आणि मजुरी आठवड्याला, फार तर पंधरवड्याला. केंद्राचा कायदा यायला 2005 साल उजाडलं.

पैशाची तजवीजही आधीच केलेली होती. तुमच्या घरात कुणी पगारदार असेल तर त्यांची पगाराची स्लिप बघा. व्यवसाय कर म्हणून महिन्याला 200 रुपये कापलेले दिसतील, फेब्रुवारीत 300. हा कर 1975 साली रोजगार हमीसाठीच बसवला गेला. शहरातल्या पगारातून खेड्यातल्या मजुराची हमी घ्यायची, हे मला आजही फार मोठं वाटतं.

मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. एका वाडीवरच्या अकरा बायका आल्या. महिनाभर कचेरीत खेटे घालत होत्या, "काम निघालं की कळवू" एवढंच उत्तर. मी विचारलं, अर्ज दिला होतात? पोच आहे? काहीच नव्हतं, सगळं तोंडी. मग टायपिस्टच्या बाकावर बसून अकरा अर्ज लिहिले, शाईच्या पॅडवर अंगठे टेकवले. कारकून पोच द्यायला तयार नव्हते. मी पुस्तक उघडून त्यांच्यापुढं ठेवलं आणि एका शब्दावर बोट ठेवलं. आपल्या मराठी कायद्यात 'देऊ शकेल' असेल तर देणं न देणं साहेबांच्या मर्जीवर. 'देईल' असेल तर द्यावंच लागतं. तिथं 'देईल' होतं. कारकुनांनी ते दोनदा वाचलं आणि तारखेचा शिक्का मारला. एका मावशींनी ती पोच चार घड्या करून रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली. त्या तारखेपासून पंधरा दिवसांत काम नाही दिलं तर बेकारभत्ता द्यावा लागतो. बाराव्या दिवशी नालाबांधाचं काम निघालं.

'शकेल' खोडून 'देईल' लिहून घेणं, आणि तो शब्द मतदानापर्यंत टिकवून धरणं, यासाठी सभागृहात वकील हवा. भाषण कुणीही करतं. आमच्यातलेही पुष्कळ जण नुसते बोलतच राहिले, आणि काहींनी पळवाटा काढण्यातच हुशारी खर्च केली. त्याची मला लाज वाटते, ती मी तुमच्यापासून लपवणार नाही.

तेव्हा एलएलबी कराच. पण त्याआधी एकदा मंगळवारी या. आमच्याकडं मंगळवारचा बाजार असतो, वाड्यावस्त्यांवरची माणसं उतरतात आणि दुपारपर्यंत माझ्या टेबलाशी अर्ज लिहायला हात कमी पडतात. येताना शाईचं पॅड घेऊन या, माझं वाळलंय.