लूक १४:२६ समोर बसून

अहिल्यानगर, मंगळवार, रात्री

लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायातील सव्विसाव्या वचनापाशी मी आज अडकले आहे. जो माझ्याकडे येतो आणि आपला बाप, आई, बायको, मुले, भाऊ, बहिणी, इतकेच काय स्वतःचा जीव, यांचा द्वेष करत नाही, त्याला माझा शिष्य होता येत नाही, असे प्रभू तेथे स्पष्ट म्हणतो. हे वचन मला लहानपणापासून पाठ आहे, पण आज दुपारी आमच्या मंडळीतील (म्हणजे आमच्या चर्चमधील) एक तरुण ते घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही आईला समजवा. तुमचं ती ऐकेल." नोकरी सोडून नंदुरबारकडे पूर्णवेळ सेवेसाठी जाण्याचे त्याच्या मनात आहे. तो एकुलता एक आहे, वडिलांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावे लागते, आणि आई त्याला जाऊ देत नाही. वचन त्याच्या बाजूने आहे, असे त्याला मनापासून वाटते.

अशा वचनांवर आपल्याकडे एक ठरलेला तोडगा असतो. मत्तयाच्या दहाव्या अध्यायात हीच शिकवण "माझ्यापेक्षा आईबापांवर अधिक प्रीती करणारा मला योग्य नाही" अशा सौम्य रूपात आली आहे, तेव्हा लूकमधल्या कठोर वाक्याचा अर्थही तेवढाच घ्यावा आणि पुढे जावे. ही सांगड चुकीची आहे, असे मी म्हणत नाही. तथापि ती इतक्या झटपट घातली जाते की ऐकणाऱ्याला धक्का बसायलाही वेळ मिळत नाही, आणि प्रभूने जे धक्का देण्यासाठीच सांगितले त्याची धार उपदेशाच्या पहिल्या पाच मिनिटांत बोथट होते. योहानाच्या सहाव्या अध्यायात पुष्कळ शिष्य "हे वचन कठीण आहे, हे कोण ऐकून घेऊ शकतो?" असे म्हणून निघून गेले, तेव्हा येशूने त्यांना थांबवण्यासाठी आपले शब्द मऊ केले नाहीत. त्याने बारा जणांना उलट विचारले की तुम्हीही जाऊ पाहता काय. त्यावर पेत्राने ते कठीण वचन आपल्याला समजले असे काही म्हटले नाही. आम्ही कोणाकडे जावे, सार्वकालिक जीवनाची वचने तुझ्याजवळ आहेत, असे म्हणून त्याने आपला विश्वास बोलून दाखवला. विश्वासाने दिलेले उत्तर म्हणजे काय, याचा यापेक्षा प्रामाणिक नमुना मला शास्त्रात सापडत नाही. वचन कळले नाही तरी वचन देणाऱ्याला सोडायचे नाही, आणि त्याला सोडायचे नाही म्हणून कळल्याचा आवही आणायचा नाही.

महाराष्ट्रात या सव्विसाव्या वचनाला घराघरांतून रडारडीचा इतिहास आहे. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहत होता. तो साधारण बारा वर्षांचा होता. प्रकरण न्यायालयात गेले आणि मुलाला वडिलांच्या ताब्यात देण्याचा हुकूम झाला. नंतर त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे की नाही यावर पुण्या-मुंबईत मोठा वाद माजला, ज्यात 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर त्याला परत घेण्याच्या बाजूने उभे राहिले आणि सनातन्यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. नारायण शेषाद्रींनी पुढे जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवले, त्यांचे काम मोठे होते आणि आपल्या मंडळ्यांत ते आदराने सांगितले जाते. श्रीपतविषयी मात्र आपण फारसे बोलत नाही. आईबाप आणि प्रभू यांपैकी एक निवड, असा प्रश्न बारा वर्षांच्या मुलापुढे ठेवला जावा काय, हा प्रश्न मला त्या वेळच्या मिशनऱ्यांना विचारावासा वाटतो. तो विचारला म्हणजे अविश्वास होतो, असे मला वाटत नाही.

ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे, कारण दर रविवारी 'उपासना संगीत' या आपल्या गीतांच्या पुस्तकातून आपण त्यांची पदे गातो. त्यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा माहेरच्या माणसांत होत्या, पदरी लहान मुलगा होता, आणि नवरा गेला तो कायमचाच, असेच सर्वांनी धरून चालले होते. टिळकांनी बायकोमुलाचा त्याग केला असे आपण सहज बोलून जातो, पण त्यांनी केलेल्या त्यागाची किंमत कोणी मोजली, हे पाहायला गेले तर लक्ष्मीबाईंचे नाव आधी लिहावे लागेल. कारण टिळकांनी जे सोडले ते स्वतः निवडून सोडले, आणि लक्ष्मीबाईंवर जे कोसळले त्यात त्यांना कोणी विचारलेच नव्हते. ही गोष्ट मी टिळकांच्या विरोधात लिहीत नाही. त्यांनी पुढे पत्रे लिहिली, वाट पाहिली, आणि लक्ष्मीबाई नगरला त्यांच्याबरोबर राहायला आल्यावर त्यांच्या सोवळ्याओवळ्याला आणि वेगळ्या चुलीला हात लावला नाही. नवऱ्याचा शब्द म्हणजे हुकूम असण्याच्या त्या काळात हा संयम साधा नव्हता. ज्या माणसाने वचनासाठी घर सोडले होते, त्याने तेच वचन घरात काठीसारखे वापरले नाही.

लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. त्या आधी त्यांच्यात जो पालट झाला तो वादविवादाने झालेला नाही. माणसामाणसांतील जातिभेद देवाने केलेला नाही, माणसांनीच केला आहे, असे त्यांना एकदा आतून दिसले आणि यापुढे कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे असे त्यांनी ठरवले. आज मला वाटले की सव्विसाव्या वचनातील यादीत सर्वांत शेवटी येणारा "स्वतःचा जीव" तो हाच असावा. जन्मापासून अंगात मुरलेला विटाळाचा धाक, आपण वरचे असल्याची खात्री, आणि त्या खात्रीवर उभे असलेले सगळे 'मी'पण त्यांनी सोडले, आणि हे सोडायला त्यांना कोणा माणसाला दूर लोटावे लागले नाही. उलट जी माणसे आजवर दूर होती ती जवळ आली.

इथे मला आपल्याविषयी लिहिणे भाग आहे. नगर जिल्ह्यातील बहुतेक ख्रिस्ती कुटुंबे ब्राह्मणांतून आलेली नाहीत. आमचे पूर्वज महार-मांग समाजांतून, त्यातही पुष्कळ जण १८७६-७७ च्या दुष्काळानंतरच्या वर्षांत, मंडळीत आले, आणि सबंध वस्त्याच्या वस्त्या आल्यामुळे त्यांच्यापैकी अनेकांना आईबाप सोडावेच लागले नाहीत. आता तर ख्रिस्तीपणच आईबापांकडून मिळते, आडनावासारखे. त्यामुळे हे वचन आपल्याला लागूच नाही, ते ब्राह्मण ख्रिस्त्यांपुरते होते, असा एक सोयीस्कर समज आपल्यात आहे. प्रत्यक्षात मुलीचे स्थळ पाहताना "ते मूळचे कोण?" असा प्रश्न आपल्याही घरांत हळू आवाजात विचारला जातो, मंडळीच्या पंचकमिटीत भाऊबंदकी चालते, आणि एखाद्या घराण्याने तीन पिढ्या धरलेली पहिली बाकेही कोणी हलवत नाही. प्रभूच्या वर रक्त ठेवणे म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी सव्वाशे वर्षांपूर्वीच्या टिळकांच्या घरी जाण्याची आपल्याला गरज नाही. या तरुणाला वचन आईकडे बोट दाखवते असे वाटते. मला ते आमच्या लग्नाच्या बैठकांकडे बोट दाखवताना दिसते.

कठीण शिकवण न मानताही तिच्याजवळ राहता येते, हे पंडिता रमाबाईंकडून शिकावे. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यानंतर त्रैक्य (पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव), ख्रिस्ताचे देवत्व, अथानासियसचा मतांगीकार (चर्चमध्ये म्हटला जाणारा विश्वासाचा जुना जाहीरनामा) या विषयांवर आपल्या इंग्रज हितचिंतक भगिनींशी त्यांचा पत्रांतून दीर्घ वाद झाला. आपण भारतातील पुरोहितवर्गाच्या जोखडातून महत्प्रयासाने सुटलो आहोत, तेव्हा तशाच दुसऱ्या जोखडाखाली मान द्यायला आपण तयार नाही, अशा आशयाचे त्यांनी १८८५ मध्ये लिहिले. ज्यांच्या आश्रयाने त्या तेथे राहत होत्या त्यांनाच हे लिहिणे सोपे नसणार. त्यांना उद्धट म्हणणारेही होते. परंतु त्या मंडळी सोडून गेल्या नाहीत, प्रार्थना सोडली नाही, शास्त्र वाचणे सोडले नाही. आणि शेवटच्या वर्षांत ग्रीक व इब्री शिकून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये सबंध पवित्र शास्त्र मराठीत आणण्याचे काम त्यांनी केले. ज्या बाईने इतका वाद घातला तिनेच इतके वाचले, याचे मला नवल वाटत नाही.

तरुणाच्या प्रश्नाकडे परत येते, कारण त्याचे उत्तर द्यायचे आहे. पंचविसाव्या वचनात लूकने एक बारीकशी गोष्ट नोंदवली आहे: लोकांचे मोठे समुदाय येशूबरोबर चालले होते आणि तो वळून त्यांच्याशी बोलला. म्हणजे कठोर शब्द गर्दीला उद्देशून होते. उत्साहाने मागे लागलेल्यांना थांबवून विचार करायला लावण्यासाठी होते. लगेच पुढे, अठ्ठाविसाव्या वचनापासून, बुरूज बांधणाऱ्याचा दाखला आहे, जो आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो, आणि वीस हजारांवर दहा हजारांनिशी जाणाऱ्या राजाचा दाखला आहे, जो आधी बसून विचार करतो. सव्विसावे वचन उचलायचे आणि अठ्ठाविसावे सोडायचे, असे चालणार नाही. शिवाय ज्याने हे म्हटले त्यानेच मार्कच्या सातव्या अध्यायात, देवाला अर्पण केले असे सांगून आईबापांची जबाबदारी झटकणाऱ्यांना फटकारले आहे, आणि वधस्तंभावरून आपल्या आईला शिष्याच्या घरी सोपवले आहे. या दोन ठिकाणांमुळे सव्विसावे वचन रद्द होत नाही. पण कोणत्या तोंडाने ते उच्चारले गेले हे त्यांच्यामुळे कळते. त्या तोंडाला जे शोभणार नाही ते आपण त्या वचनाच्या नावाने करू नये, इतपत मला खात्रीने म्हणता येते.

म्हणून मी त्याची वकिली करायला त्याच्या आईकडे जाणार नाही. गुरुवारी मी त्या दोघांना एकत्र बोलावले आहे. आधी आईचे सगळे ऐकून घेईन, मग त्या मुलाने आईशेजारी बसून अठ्ठाविसाव्या वचनापासून पुढे मोठ्याने वाचावे, आणि डायलिसिसचा, घराच्या हप्त्यांचा, रात्रीअपरात्री रिक्षा शोधण्याचा खर्च स्वतःच्या हाताने कागदावर लिहावा. त्यात आईच्या वाट्याला किती जातो तेही लिहावे, कारण तिच्या वाट्याचा त्याग तिला न विचारता करण्याचा अधिकार त्याला कोणत्याही वचनाने दिलेला नाही.

एवढे करूनही तो जायचेच म्हणाला आणि आई रडत का होईना हो म्हणाली, तर मी त्याला अडवणार नाही. मार्कच्या दहाव्या अध्यायात प्रभूने घर आणि आईबाप सोडणाऱ्याला शंभरपट आया व भाऊ देण्याचे वचन दिले आहे, आणि ते आया-भाऊ मंडळीतूनच यायचे आहेत, दुसरीकडून नव्हे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी साडेसातला त्याच्या वडिलांना घेऊन दवाखान्यात कोण कोण जाऊ शकेल, अशी विचारणा रविवारी उपासनेनंतर करण्याची परवानगी मी पाळकसाहेबांकडे संध्याकाळी फोनवर मागितली. शुक्रवारसाठी मी माझे नाव आधीच दिले आहे. मंगळवारसाठी अजून कोणी मिळालेले नाही.