तुम्ही विचारलंत म्हणून: वचनं कोणी काढली?

"बायबलच्या नव्या भाषांतरांतून वचनं का काढलीत?" हा प्रश्न मला सतत येतो, आणि बहुतेक वेळा आरोपाच्या सुरात. म्हणून एकदा सविस्तर.

आधी क्रमांकांचं. प्रेषितांच्या कृत्यांच्या ८व्या अध्यायात ३६ नंतर एकदम ३८ दिसतं आणि मधलं कुणी खोडलं असं वाटतं. पण हे क्रमांक मूळ लेखकांचे नाहीत. रॉबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ साली आपल्या ग्रीक नव्या करारात ते घातले. त्याच्या मजकुरात बाप्तिस्म्याआधी इथियोपियन षंढाने दिलेली विश्वासाची कबुली होती, म्हणून तिला ३७ मिळाला. जुन्या हस्तलिखितांत ती नाही, म्हणून आज ती तळटिपेत जाते. पुढचे क्रमांक मागे सरकवले तर आजवरचे सगळे संदर्भ चुकतील, म्हणून जागा रिकामी ठेवतात.

खरा राग असतो योहानाच्या पहिल्या पत्रातल्या ५:७ वरून. किंग जेम्स या जुन्या इंग्रजी भाषांतरात तिथे स्वर्गातले तीन साक्षीदार आहेत: पिता, शब्द (म्हणजे येशू) आणि पवित्र आत्मा. नव्या भाषांतरांत ते नाहीत, म्हणजे आम्ही त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, ही शिकवण) पुसलं, असं ऐकवलं जातं.

हे वाक्य आलं कुठून? इरॅस्मस या डच विद्वानाने १५१६ मध्ये बाझलला फ्रोबेनच्या छापखान्यातून ग्रीक नवा करार काढला. हाताशी मोजकी हस्तलिखितं, बहुतेक बाराव्या शतकातली. प्रकटीकरणाचं तर एकच, त्याचंही शेवटचं पान गायब. तिथली वचनं त्याने लॅटिनवरून स्वतःच ग्रीकमध्ये केली. साक्षीदारांचं वाक्य त्याला एकाही ग्रीक प्रतीत सापडलं नाही, म्हणून १५१६ आणि १५१९ या दोन्ही आवृत्त्यांत ते नाही. वाक्य गाळलं म्हणून एडवर्ड ली आणि स्टुनिका हे विद्वान त्याच्यावर तुटून पडले. १५२१ मध्ये त्याचा मित्र बोम्बासियस याने रोमहून व्हॅटिकनच्या चौथ्या शतकातल्या प्रतीतला तोच भाग उतरवून पाठवला. त्यातही वाक्य नाही. त्याच सुमारास ते वाक्य असलेलं एक ग्रीक हस्तलिखित पुढे आलं. आज ते डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचं, म्हणजे वादाच्या वेळी शाई जेमतेम वाळलेली. त्यात पिता, शब्द, आत्मा यांच्याआधी उपपदं (इंग्रजी 'the'सारखी) नाहीत. ग्रीकमध्ये ती इथे हवीतच; लॅटिनमध्ये उपपद हा प्रकारच नाही. वाक्य कुठून आलं ते तिथेच कळतं. तरी इरॅस्मसने १५२२च्या आवृत्तीत ते घातलं आणि टिपणात संशयही नोंदवला. ("एक प्रत दाखवा, छापतो" असा शब्द त्याने दिल्याची गोष्ट कृपया पुन्हा सांगू नका, तिला त्याच्या लेखनात आधार नाही, हे हेंक यान द योंग यांनी १९८० मध्ये दाखवलं.) तिथून ते एस्तिएन आणि बेझा यांच्या ग्रीक आवृत्त्यांत आणि पुढे १६११च्या किंग जेम्समध्ये गेलं.

जर्मन धर्मसुधारक लूथरने इरॅस्मसची १५१९ची आवृत्ती वापरली. त्याच्या हयातीतल्या जर्मन बायबलात हे वाक्य नाही. त्याने त्रैक्य पुसलं म्हणाल? पुत्र पित्याच्या बरोबरीचा देव नाही असं मानणाऱ्या एरियसच्या अनुयायांशी चौथ्या शतकात वाद घालणाऱ्या ग्रीक धर्मपित्यांनीही हे वाक्य पुढे केलेलं नाही. त्यांच्याजवळ असतं तर पहिलं तेच काढलं असतं. आणि बहुसंख्य हस्तलिखितांत असतं तेच खरं, असा दाखला देणाऱ्यांनो, इथे त्या बहुसंख्य प्रतीही तुमच्या विरोधात आहेत.

मार्क १६:९-२०, म्हणजे मार्कच्या शुभवर्तमानाचा शेवट, याबद्दल मात्र मी इतक्या ठामपणे बोलणार नाही. व्हॅटिकनची आणि सीनायची प्रत, दोन्ही चौथ्या शतकातल्या, आठव्या वचनावर थांबतात. पण बाकी जवळजवळ सगळ्यांत पुढचा भाग आहे, आणि इ.स. १८०च्या सुमारास धर्मपिता इरेनेयस त्यातलं वचन उद्धृत करतो, म्हणजे या दोन्ही प्रतींच्या दीडेकशे वर्षं आधी. एका प्रतीच्या शंभर झेरॉक्स म्हणजे शंभर साक्षीदार नव्हेत, हे मीच सांगत असतो. पण जुनी प्रत म्हणजे आपोआप खरी, असंही नाही. दहाव्या शतकातलं १७३९ क्रमांकाचं हस्तलिखित कितीतरी जुना मजकूर जपून आहे. शिवाय व्हॅटिकनच्या प्रतीत मार्कनंतर एक अख्खा रकाना कोरा सोडलाय. लेखनिकाला पुढचा मजकूर ठाऊक होता का, यावर वाद चालूच आहे. ही बारा वचनं मार्कने लिहिली असं मला वाटत नाही. तरीही ती कंसात, पण पानावरच छापावीत, या मताचा मी आहे.