एका डीपीवरच्या अकरा मोटारी

यावल तालुक्यातील आमच्या केळीच्या बागेत नानांनी ऑटो स्टार्टर बसवला, तेव्हा मी शाळेत होतो. रात्री-अपरात्री वीज आली की मोटार आपोआप चालू व्हावी, एवढाच हेतू होता, आणि त्याच डीपीवरच्या, म्हणजे शेतांना वीज देणाऱ्या त्याच रोहित्रावरच्या, सगळ्या शेतकऱ्यांनी तो ठेवला होता. वीज येताच अकराही मोटारी एकाच क्षणी सुरू होत. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. त्यामुळे विजेचा दाब इतका खाली जाई की एकाही मोटारीला वेग घेता येत नसे आणि शेवटी फ्यूज उडे. एका उन्हाळ्यात तर डीपीच जळाली आणि ती बदलून येईपर्यंत केळीची पाने करपली.

पुढे नियंत्रणशास्त्र शिकताना हीच गोष्ट मला संगणकांच्या जाळ्यात भेटली. ऑक्टोबर १९८६ मध्ये बर्कले येथे, जेमतेम चारशे यार्डांवरच्या दोन संस्थांमधील संदेशवहन सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर कोसळले. पोच न मिळालेली पॅकेट, म्हणजे संदेशाचे तुकडे, प्रत्येक संगणक पुन्हा पाठवत होता आणि कोंडी वाढवत होता. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये मांडलेला उपाय असा, की पाठवणाऱ्याने थोड्यापासून सुरुवात करावी, पॅकेट हरवले की वेग झपाट्याने कमी करावा आणि मग तो बेताने वाढवावा. वर बसून हुकूम देणारा कोणीही नसताना प्रत्येकाच्या अशा संयमातून संपूर्ण जाळे स्थिर राहते, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते.

वीजजालाला एक मोठी सोय निसर्गतःच लाभली आहे. मागणी वाढली की ५० हर्ट्‌झची वारंवारता किंचित घसरते आणि दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्रातील टर्बाइनचा गव्हर्नर, म्हणजे वेगनियंत्रक, कोणाच्या निरोपाची वाट न पाहता वाफ वाढवू शकतो. शिवाय त्या अवजड फिरत्या चक्रांमधील ऊर्जा पहिले काही क्षण घसरण सावरून धरते. साक्रीकडच्या सौर पॅनेलांत मात्र फिरणारे काहीच नसते. अशी वीज वाढत जाईल तसतसे सावरायला मिळणारे क्षण कमी होतात, म्हणून मोजमाप आणि निरोप दोन्ही जलद लागतात. त्यासाठी अरुण फडके यांनी जेम्स थॉर्प यांच्यासह १९८८ मध्ये विकसित केलेले फेजर मापनयंत्र वापरले जाते. उपग्रहाच्या घड्याळाशी जुळवलेले हे यंत्र दूरदूरच्या केंद्रांची स्थिती एकाच क्षणाला टिपते.

मात्र निरोप उशिरा पोहोचला तर तोच घात करतो. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, झोका थांबवायचा असेल तर त्याच्या गतीविरुद्ध हात लावावा लागतो. तोच हात अर्ध्या हेलकाव्याने उशिरा लागला, तर झोका आणखी उंच जातो. दूरच्या जनित्रसमूहांमधील आंदोलनांचेही असेच होते. त्यामुळे किती उशीर चालेल, हा माझ्या दृष्टीने वीजजाल स्थिर ठेवण्याच्या संशोधनाचा गाभा आहे. वीजजाल आणि संदेशजाल यांचा वेगवेगळा अभ्यास करून त्याचे उत्तर मिळणार नाही.

मागच्या दिवाळीत चुलत भावाला सोबत घेऊन मी अकराही स्टार्टरांचे टायमर लावून आलो: पहिल्याला वीस सेकंद, दुसऱ्याला चाळीस, असे पुढे. शेवटच्या मोटारीला तीन मिनिटे चाळीस सेकंद थांबावे लागते. ती मोटार नानांनी आमचीच ठेवायला सांगितली.